तोंडाला जायचं नाही

डोंगर विझवायचं काम डिसेंबरात सुरू होतं. त्या वेळी डोंगरावर जाळ नसतो की धूर नसतो. गवत नुकतंच पिवळं पडलेलं, सकाळी दवानं जड झालेलं. गावातल्या बाया आणि थोडे पुरुष विळे घेऊन सोंडेवर चढतात, एका ओळीत बसतात आणि गवत कापत खाली सरकत जातात. कापलेलं मागे ओढायचं, पालापाचोळा झाडून घ्यायचा, मध्ये करवंदाची जाळी आली तर कोयत्यानं तोडायची. ऊन चढेपर्यंत सोंडेच्या पाठीवर उघड्या मातीचा लांबलचक पट्टा दिसायला लागतो. वनखात्याच्या कागदात ही जाळरेषा. आग इथवर आली की तिला पुढे खायला काही मिळू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. पट्टा किती रुंद असावा याचे खात्याचे नियम आहेत. गावाचा हिशेब मात्र गवताच्या उंचीवर चालतो. कमरेएवढं गवत असेल तर बारा-पंधरा हात तरी हवेत, कारण वाऱ्यानं जाळ आडवा होतो आणि अरुंद पट्टा सहज ओलांडतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘राखण’ हा विषय दिला. माळ्यावर बसून पाखरं हाकणारा, देवराईला हात न लावणारा, धरणाच्या भिंतीवरचा चौकीदार, असे बरेच राखणदार डोळ्यांपुढे आले. मला मात्र दर उन्हाळ्यात रात्री पुणे-सातारा रस्त्यानं जाताना लांबच्या डोंगरावर दिसणारी केशरी रेघ आठवत होती. सकाळी ती नसते. म्हणजे कोणीतरी ती विझवत असणार. त्या कोणाला तरी भेटायचं ठरवलं आणि राजगड-तोरण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीची धार कोकणात कोसळते त्याच्या अलीकडच्या एका गावात हिवाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत अधूनमधून जात राहिले.

गावाचं नाव लिहीत नाही. अट गावकऱ्यांचीच होती. पहाटे वाड्या-वाड्यांतून दूध गोळा करून पिकअपनं खाली पोचवणारा एक तिशी-पस्तिशीतला माणूस इथल्या आग विझवणाऱ्या पोरांचा म्होरक्या आहे. दुधाचे कॅन चढवता चढवता तो म्हणाला, “ताई, नाव छापलंत की लोक विचारणार, आग लावली कोणी. आणि ते आम्हाला बहुतेक वेळा माहीत असतं.”

बंब यायला वेळ आहे

आपल्याकडे आग विझवणं हे शहराचं काम मानलेलं आहे. ७४व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या त्या यादीत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, शेतीपासून ग्रंथालयापर्यंत. त्यात आगीचा विषय नाही. गावंही पेटतात, हे बहुधा कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

प्रत्यक्षात बंब असतो तो महानगरपालिकेकडे, नगरपरिषदेकडे, एमआयडीसीकडे किंवा एखाद्या साखर कारखान्याकडे. खेड्यात काही पेटलं की यांपैकी जो जवळ असेल त्याला फोन जातो. पाण्यानं भरलेली जड गाडी घाट चढून, वाडीकडे वळणारा अरुंद रस्ता शोधत येते तोवर पेंढ्याची उडवी जळून गेलेली असते. यात बंबवाल्यांचा दोष नाही. अंतर आणि चढ कोणाच्या हातात नसतात.

म्हणून गावातली आग गाव विझवतं, आणि त्याचं एक शास्त्र गावानं बसवलेलं आहे. गोठा पेटला तर आधी पाणी नाही, आधी विळा. दावी कापून जनावरं सोडायची, आणि सोडून तिथेच थांबायचं नाही, लांब हाकलत न्यायची. बिथरलेलं जनावर सवयीनं परत गोठ्यात शिरतं. दुसरा फोन वायरमनला. वीज चालू असताना भिंतीवर पाणी मारणं म्हणजे विझवणाऱ्यालाच धक्का. पण लाईन बंद झाली की विहिरीवरची मोटारही बंद पडते. हे कोडं सोडवायला एकानं आपलं जुनं डिझेल इंजिन भंगारात घातलेलं नाही. वर्षातून दोनदा ते सुरू करून बघतात, बाकी वेळ त्यावर कोंबड्या बसतात.

उडवीचं आणखी वेगळं. वरून कितीही पाणी ओता, पेंढा आतून धुमसत राहतो आणि संध्याकाळी वारा सुटला की पुन्हा पेट घेतो. ती दाताळ्यानं उपसून, पसरून, थर थर भिजवावी लागते. वर्षाची वैरण अशी चिखलात पसरायला मालकाचा जीव धजत नाही. मग पोरांना आगीबरोबर मालकाचीही समजूत काढावी लागते.

माणसं गोळा करायला पूर्वी देवळाची घंटा होती, नंतर मंदिरावरचा भोंगा आला. आता पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागातल्या बऱ्याच गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतली आहे. एका ठरावीक क्रमांकावर फोन करून काय झालं ते बोलायचं. तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम वाजतो. चोर, बिबट्या, पूर, आग, सगळ्यांसाठी एकच. गावातली एक म्हातारी मात्र या यंत्रणेवर नाराज आहे. तिच्या मते भोंगा वाजला की माणूस उठून बाहेर यायचा, आता फोन कानाला लावून अंथरुणातच बसतो.

आग चढते पळत

डोंगरावरची गोष्ट निराळी. तिथे बंब नाही, विहीर नाही, बादली नाही. पाणी असतं ते फक्त पिण्यापुरतं, पाठीवर.

सपाटीवर जाळ सरळ वर जातो. उतारावर तो वरच्या गवताकडे झुकतो आणि पेटायच्या आधीच त्याला तापवून सुकवून ठेवतो. उतार साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो, असा जगभरच्या आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे तीस अंशांच्या चढावर आठपट. तो चढ माणूस हातापायांवर जेमतेम चढतो. तेच उताराकडे मात्र आग रेंगाळत, गवताची बुडं चघळत येते. पोरांचा पहिला नियम यातूनच आलेला आहे. आगीच्या वर उभं राहायचं नाही. दुसरा नियम घळीचा. दोन सोंडांमधली अरुंद घळ धुराड्यासारखी ओढ घेते. खाली ठिणगी पडली की जाळ वरपर्यंत एका झटक्यात जातो. घळीत कोणीही उतरायचं नाही, मोबाइल पडला तरी नाही. तिसरा नियम म्होरक्या सारखा बजावत असतो: तोंडाला जायचं नाही, बगलेनं जायचं.

आगीला तोंड असतं, दोन बगला असतात, शेपूट असतं. तोंड वाऱ्याच्या आणि चढाच्या दिशेनं धावत असतं. तिथे जाळ उंच, धग असह्य. शेपटाकडून सुरुवात करून जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून दोन्ही बगला विझवत पुढे सरकायचं, म्हणजे आग दोन्हीकडून निमुळती होत जाते. काळ्यात उभं राहण्याचा फायदा साधा आहे. जे एकदा जळलं ते पुन्हा पेटत नाही. वारा फिरला तर पळायची जागा पाठीशीच असते.

मार्चमधल्या एका रात्री जेवणं आटपत असताना फोन वाजले. पलीकडच्या पठाराखाली रान पेटलं होतं. पोरं निघाली तेव्हा कपडे बदलून आली. अंगात जुने सुती सदरे, कारण टेरिकॉट आणि खेळाडूंचे चकचकीत टी-शर्ट धगीनं अंगाला चिकटतात. पायात बूट, स्लीपर घालून आलेल्याला परत पाठवलं. गळ्यात ओला पंचा. वर जाताना जांभळीच्या आणि अंजनीच्या फांद्या तोडून घेतल्या. ज्यांची पानं जाड आणि रसरशीत, त्या फांद्या टिकतात.

झोडपणं हा शब्द फसवा आहे. उंच उचलून फांदी आपटली तर ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं. फांदी खाली दाबायची, क्षणभर धरायची आणि काळ्याच्या बाजूला ओढून घ्यायची. दाबायचं, ओढायचं. पुढे दोघं, त्यांच्या मागे एकजण राहिलेले निखारे चिरडत. थोड्या वेळानं पुढचे मागे येतात, कारण त्या धगीजवळ जास्त वेळ कोणी टिकत नाही. भुवया जळतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, तोंडाला राखेची चव येते. कुसळी गवत तडतडत असतं, त्यामुळे बोललेलं ऐकू येत नाही.

म्होरक्याच्या हातात फांदी नव्हती. तो थोडा लांब, उंच खडकावर उभा होता आणि टॉर्च आगीवर न मारता धुरावर मारत होता. धूर कुठे कलतो त्यावरून वारा कळतो. त्याच्याकडे शिट्टी होती. छोट्या दोन शिट्ट्या म्हणजे माणसं बदला, एक लांब म्हणजे फांद्या टाकून काळ्यात या. सगळे राबत असताना नुसतं उभं राहायचं आणि त्याबद्दल कोणाची माफी मागायची नाही, हे त्याला शिकायला वेळ लागला असणार. त्या रात्री लांब शिट्टी एकदा वाजली. सगळे आले, मोजले गेले, गुळाचे खडे तोंडात टाकून पाणी प्याले, आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा गेले.

वणवा शक्यतो रात्री किंवा पहाटे धरतात, यालाही कारण आहे. दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो, रात्री गार हवा खाली उतरते आणि गवतात थोडा ओलावा येतो. दुपारी ज्या आगीपुढे पन्नास माणसं हतबल होतात ती पहाटे दहाजणांना आवरते. त्या रात्री एक बगल डिसेंबरात काढलेल्या पट्ट्याला नेऊन भिडवली, दुसरी विझवली, आणि तोंड वर धावत जाऊन उघड्या कातळाला लागून उपाशी मेलं. सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या पायऱ्या ही या भागातली सर्वात जुनी जाळरेषा आहे. पोरं आग कातळाकडे कशी ढकलता येईल, याचाच विचार करत असतात.

वनखात्यानं त्यांना एक ब्लोअर दिला आहे, पाठीवर अडकवायचा, पेट्रोलवर चालणारा. पाचोळ्याच्या रानात तो दहा माणसांचं काम करतो. समोरचा पाला बाजूला उडवून मिनिटभरात वाट मोकळी करतो आणि बुटका जाळ काळ्याकडे परतवतो. उंच गवतात मात्र कोन जरा चुकला की ठिणग्या पलीकडे. त्यामुळे तो ठरलेल्या दोघांच्याच पाठीवर जातो.

जाळ दिसेनासा झाला तरी काम राहतं. वाळलेलं शेण आणि पडलेले ओंडके दिवसदिवस आतून धुमसतात, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या वाऱ्यात तिथूनच नवी आग उठते. म्हणून सकाळी दोघं पुन्हा वर जातात, राखेवर हाताचा पालथा पंजा धरत फिरतात. हा भाग कोणी मोबाइलवर चित्रित करत नाही.

लावणारे नि विझवणारे

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४पासून उपग्रहांच्या मदतीनं वणव्यांच्या सूचना देते. तापलेला ठिपका आकाशातून दिसला की संबंधित वनरक्षकाच्या फोनवर संदेश येतो. एका उपकरणाचा ठिपका साधारण एक किलोमीटरचा, दुसऱ्याचा ३७५ मीटरचा. कुठे पेटलंय हे उपग्रह सांगतो. कोणी पेटवलं ते वाडीतल्या कट्ट्यावर कळतं.

आपल्याकडच्या डोंगरात वीज पडून वणवा लागणं जवळपास नाहीच. उन्हाळ्यातल्या आगीमागे माणूस असतो. कोणी बिडी टाकतं, कोणी मधाचं पोळं काढायला धूर करतं, कोणी गडावर तंबूपुढे शेकोटी पेटवून ती तशीच सोडून जातं. कोणी बिबट्या आणि रानडुक्कर वाडीपासून लांब राहावं म्हणून जवळचं रान जाळतं. विदर्भात मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागा साफ करतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही जाळतात. मावळ-मुळशी-भोरकडच्या भातपट्ट्यात मोठं कारण राब.

शहरातल्या वाचकासाठी राब समजावून सांगावा लागेल. भाताचं रोप ज्या वाफ्यात करायचं तिथे हिवाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांची तोडलेली कवळं, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सर्वात वर बारीक मातीचा थर. उन्हाळ्यात हे सगळं सावकाश भाजतात. तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश मिळतं, माती भुसभुशीत होते. पाऊस पडला की त्यात भात पेरायचा. पिढ्यानुपिढ्यांची पद्धत आहे आणि तिच्यात अक्कल आहे. अडचण एवढीच की खाचरं डोंगराच्या पायाशी असतात. बांधावरचं गवत न कापता दुपारच्या वाऱ्यात राब पेटवला की आगीला वर जायला मोकळी वाट मिळते. गादीवाफ्यावर रोप करा, चारसूत्रीनं लावा, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रानं तर चिखलणी नि लावणीही टाळता येते, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. काहींनी केलंही. पण ज्याच्या घरी दोन म्हशी नि चार खाचरं आहेत, आणि तण काढायला मजूर परवडत नाही, त्याला राब स्वस्त पडतो.

दुसरा समज गवताचा. जुनं जाळलं की नवं हिरवं फुटतं, गुरांना चारा होतो. जळालेल्या उतारावर काही दिवसांत खरंच हिरवे कोंब दिसतात, त्यामुळे समज टिकून आहे. पण कोणतं गवत तगतं ते बघण्यासारखं आहे. कुसळीच्या बियाला पिळदार शेपटी असते. दव पडलं की ती उलगडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि या फिरण्यानं बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. वरून आग गेली तरी बी खाली सुरक्षित. गुरांना आवडणारी मऊ गवतं वर्षावर्षाच्या आगीनं मागे पडतात आणि जनावराच्या तोंडात टोचणारी कुसळी डोंगर व्यापते. चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच घालवून बसायचं, असा हा व्यवहार आहे.

तरीही आग म्हणजे पापच, असं मी लिहिणार नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांमधले सोलिगा लोक हंगाम बघून जंगलात हलकी आग लावत. ती बंद झाल्यावर घाणेरी बोकाळली, असं ते सांगतात, आणि अभ्यासकांनीही त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेतलं आहे. कधी, कुठे, किती, हे ठाऊक असलेली आग वेगळी आणि एप्रिलच्या दुपारी बेफिकिरीनं टाकलेली काडी वेगळी. हा फरक सरकारी फलकांवर कुठेच नसतो. तिथे नुसतं ‘वणवा लावणे गुन्हा आहे’.

आता ‘आग लावली कोणी’ या म्होरक्याच्या वाक्याकडे येते. मार्चमधली ती आग त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या बांधावरून वर गेली होती. चुलत्यानं मुद्दाम लावली नव्हती. राब पेटवून चहाला घरी गेला, एवढंच. पुतण्या रात्रभर भाजला, चुलता ओसरीवर बसून डोंगराकडे बघत राहिला. सकाळी पुतण्या राखेनं माखून आला तेव्हा चुलतीनं न बोलता त्याच्यापुढे ताट ठेवलं. वनरक्षकानं येऊन विचारलं, कोणी लावली? गावानं एका सुरात सांगितलं, कोण जाणे.

शहरात बंबावरचा जवान कोणाच्या तरी घरची आग विझवतो आणि निघून जातो. इथे ज्याच्या आगीत भुवया जळाल्या, त्याच्याच शेतात जूनमध्ये लावणीला जायचं असतं, त्याच्याच घरच्या मयताला खांदा द्यायचा असतो. चुलत्यावर केस झाली तर पुढच्या वणव्याला अर्धं गाव येणार नाही, हा साधा हिशेब पोरांनी केलेला आहे. वनरक्षकालाही तो कळतो, म्हणून तो दुसऱ्यांदा विचारत नाही. यात अन्याय आहे. डोंगरावर जळालेल्या लाव्याच्या अंड्यांची बाजू घेणारं कोणी नाही. पण गुन्हेगार शोधण्यापेक्षा माणसं जोडलेली ठेवणं त्यांना आग विझवण्याचाच भाग वाटतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटत गेलं.

कलम ७९

भारतीय वन अधिनियम १९२७चा. राखीव जंगलात आग लावणाऱ्याला मूळ कलम २६ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; राज्यांनी पुढे त्यात वाढ केली. हे कलम निदान फलकांवर असतं. कलम ७९ कोणी वाचत नाही. जंगलात ज्यांना चराईचा, सरपणाचा वगैरे काही हक्क आहे, त्यांनी वणव्याची खबर द्यायची आणि कोणी सांगो वा न सांगो, तो विझवायला धावायचं, असं ते कलम म्हणतं. न धावल्यास शिक्षा. जंगलालगतच्या गावातले सरकारी पगार घेणारेही त्यात येतात. म्हणजे काटेकोर वाचलं तर झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींनीही फांदी घेऊन वर जायला हवं. गुरुजींना मी हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “मी जातोच की, पण पोरांच्या मागे चालायला दम पुरत नाही.”

इंग्रजांच्या काळातला हा कायदा गावकऱ्याला आग विझवायला बांधून घेतो. बदल्यात त्याला काय द्यायचं, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. पुढे संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आल्या, २००६-०७मध्ये संत तुकाराम वनग्राम योजना आली, जंगल चांगलं राखणाऱ्या समित्यांना बक्षिसं मिळू लागली. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीच्या मेंढा-लेखासारख्या गावांकडे जंगलाचं व्यवस्थापनच आलं, आणि धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांनी गावाला बरोबर घेऊन जे रान उभं केलं त्याची दखल २०२५च्या पद्मश्रीनं घेतली. जंगल आपलं वाटलं की माणूस आगीकडे धावतो, ही त्या गावांची खरी शिकवण. या गावात मात्र डोंगराचा खालचा भाग मालकीचा, मधला गायरान, वरचा खात्याचा. आग सातबारा बघत नाही. विझवायला कोणी यायचं याचा वाद मात्र सातबाऱ्यावरच होतो.

सोमवार ते शुक्रवार

गावातली धडधाकट पोरं पुण्यात असतात. कोणी कंपनीत, कोणी रिक्षावर, कोणी हॉटेलात. शनिवारी रात्री आग लागली तर चाळीसजण, मंगळवारी दुपारी लागली तर बाया, म्हातारे आणि शाळेतली मुलं. मुलांना वर न्यायचं नाही असा ठराव आहे. म्हणजे बायाच उरतात.

आग विझवण्याच्या फोटोत बाया दिसत नाहीत, कारण फोटो रात्रीचे असतात. पण धूर पहिल्यांदा त्यांना दिसतो. त्या दिवसभर रानात असतात. पट्टा त्या काढतात, कापलेलं गवत त्यांच्याच गोठ्यात जातं, त्यामुळे डिसेंबरातल्या कामाला वेगळी मजुरी मागावी लागत नाही, असं पुरुषांचं म्हणणं. बायांचं म्हणणं वेगळं. एक जण विळ्याला धार लावता लावता म्हणाली, “पट्टा आम्ही काढायचा, नि टोपी-बूट आले ते पोरांना. आमच्या पायात काय हाय बघा.” पायात प्लॅस्टिकच्या चपला होत्या. बचत गटाच्या बैठकीत बुटांचा विषय निघाला आहे. मापं घेणं अजून झालेलं नाही.

जिवाचं काय

मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत थेनीजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचे गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक माणसं गेली. फेब्रुवारी २०२०मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात आग विझवणारे तीन वनरखवालदार होरपळून मेले. जून २०२४मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वनविभागाच्या पथकातले चारजण आगीत सापडून जागीच मृत्युमुखी पडले. सगळीकडे गोष्ट साधारण सारखी: गवत, चढ, अचानक फिरलेला वारा. गवताची आग झाडांच्या आगीपेक्षा साधी दिसते, आणि माणूस त्या दिसण्याला फसतो.

अशा जोखमीची सोय कशी करता येते ते जर्मनीत दिसतं. तिथे बहुतेक गावांची अग्निशमन सेवा पगारी जवान चालवत नाहीत. सुतार, शिक्षक, शेतकरी चालवतात. देशभरात असे जवळपास दहा लाख स्वयंसेवक आहेत. कमरेचा पेजर वाजला की त्यांनी काम टाकून निघायचं. मालकाला त्यांना सोडावंच लागतं, पगार कापता येत नाही, इजा झाली तर सरकारी अपघात विमा आहे. तिथेही दिवसा माणसं कमी पडतात, कारण गावातले लोक शहरात कामाला जातात. ते दुखणं आपल्यासारखंच. फरक असा की त्यांच्या गावानं या माणसांची यादी करून ठेवलेली आहे.

इथे यादी नाही. एका पोरानं ‘आपदा मित्र’ योजनेतलं प्रशिक्षण घेतलं आहे. स्ट्रेचर कसा करायचा, भाजल्यावर काय लावायचं नाही, हे तो बाकीच्यांना शिकवतो. टूथपेस्ट आणि हळद लावण्यावर त्यानं बंदी घातली आहे. फक्त गार पाणी, बराच वेळ. बाकी विमा म्हणाल तर प्रत्येकाचा आपापला, ज्याचा असेल त्याचा. मुकादम रजा देत नाही म्हणून रात्रभर डोंगरावर राहिलेली पोरं सकाळच्या एसटीनं कामावर जातात आणि धुराचा वास येतो म्हणून तिथे बोलणी खातात.

राबाची तारीख

एप्रिलात गेले तेव्हा देवळात बैठक भरली होती. विषय राबाचा. बंदी घालायचा प्रस्ताव नव्हता. तो आधी एकदा आला होता आणि लोकांनी रात्री चोरून राब पेटवले होते, म्हणजे जास्तच धोका. आता ठरलेलं असं: ज्याला राब भाजायचा आहे त्यानं आदल्या दिवशी सांगायचं, बांधाभोवतीचं गवत चार हात कापून घ्यायचं, सूर्य वर यायच्या आत पेटवायचं, आणि पोरांपैकी दोघं-तिघं ओल्या फांद्या घेऊन शेजारी उभे राहणार. चहा राबवाल्यानं पाजायचा.

चुलता शेवटच्या रांगेत बसला होता. सकाळी पेटवलेला राब नीट भाजत नाही, दव असतं, असं त्याचं म्हणणं. म्हातारे माना डोलवत होते. त्यात तथ्य आहे. पुतण्या म्हणाला, “तात्या, दुपारी लावा, पण मग वरती आधी पट्टा जाळून घ्यायचा आणि आम्ही दहाजण लागणार. रविवार धरा.” चुलत्याला रविवारी पाहुण्यांकडे जायचं होतं. बराच वेळ घासाघीस होऊन शनिवार संध्याकाळ ठरली, वारा पडल्यावर.

मग ब्लोअरच्या पेट्रोलचा विषय निघाला. खात्यानं यंत्र दिलं, पेट्रोल दिलं नाही. गेल्या हंगामात म्होरक्यानं दुधाच्या पैशातून भरलं होतं आणि त्याच्या बायकोनं वहीत लिहून ठेवलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, असा खर्च दाखवायला शीर्षक नाही. सरपंचबाई म्हणाल्या, पाणीपुरवठ्याच्या इंजिनात दाखवू. ग्रामसेवक म्हणाले, ऑडिट येतं. कोणीतरी सुचवलं की घरटी वीस रुपये काढावे. कोणीतरी म्हणालं, ज्यांचे राब आहेत त्यांनीच द्यावे. त्यावर पुन्हा तात्या उभे राहिले, आणि बैठक जेवणाची वेळ टळून गेली तरी चालू राहिली.